सरकारांचा पोटशूळ

सिडोनी बाईसाहेब लग्न होऊन एर्लेनरोडेला आल्या आणि त्याच वर्षी, पानगळ सुरू होताहोता, लेबरेख्त सरकारांना पोटशूळ जडला. जेवून उठले की थोड्या वेळात ते पोट धरून वाकायचे, कण्हायचे आणि दोघातिघांनी धरून त्यांना खोलीत न्यावं लागायचं. आमचं राज्य एवढंसं, की वाड्याच्या गच्चीत कुणी शिंकलं तर सरहद्दीवरच्या पहारेकऱ्याने ‘देव भलं करो’ म्हणावं. तिथे अशी गोष्ट झाकून राहते होय? बाजारात बायका कोबीच्या टोपल्यांवर वाकून कुजबुजायला लागल्या. लग्नाआधी माणूस घोड्यासारखा धडधाकट होता म्हणे.

मी ट्राउटे, वाड्यातल्या धर्मगुरूंची मुलगी. बाईसाहेबांना सोबत म्हणून मला नेमलं होतं. त्या समुद्राकाठच्या राज्यातल्या राजकन्या, उंच, खदखदून हसणाऱ्या. आमच्या डोंगरातल्या लोकांना ते हसणंही जरा संशयाचंच वाटायचं. मग ते हळूहळू कमी झालं.

एक दिवस दुपारच्या जेवणाला बियरचं सूप आलं. सरकारांनी चमचा उचलला, तेवढ्यात त्यांच्या आई म्हणाल्या, “थांब. सूनबाई, त्याच्या बशीतलं आधी तुम्ही घ्या. बघू दे आम्हाला.”

सगळ्यांचे चमचे जागच्या जागी थांबले, परक्या राजाकडून पाहुणा म्हणून आलेल्या कर्नलचासुद्धा. बाईसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी सरकारांची बशी पुढे ओढली, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “मीठ कमी पडलंय, आईसाहेब. विष पडलं असतं तर निदान चव तरी आली असती.”

कुणी हसलं नाही. सरकार तर मान वर करायलाही तयार नव्हते. ते जेवले आणि उन्हं उतरायच्या आत पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी उर्सेलला धरलं. उर्सेल म्हणजे बाईसाहेबांची माहेरची दाई. तिच्या पेटीत वाळलेल्या मुळ्या सापडल्या. राजवैद्य हॉप्फ त्या हुंगून म्हणाले, “मला हे ओळखू येत नाही, म्हणजे हे औषध नव्हे.” तेवढ्यावर त्या म्हातारीला वेशीच्या बुरुजात कोंडलं.

त्या दिवसापासून बाईसाहेबांना सगळ्यांचाच संशय यायला लागला. दार लावून घ्यायच्या, मग उघडून बाहेर कुणी उभं तर नाही ना ते बघायच्या.

“ट्राउटे, आई आपल्या पोटच्या पोराला विष घालेल?”

“काहीतरीच काय, बाईसाहेब!”

“मग ट्रोटवित्स?” ट्रोटवित्स आमचे मंत्री. “तो माझ्याशी बोलताना नेहमी माझ्या हातांकडे बघतो. आणि तू गं? आईसाहेब तुला बोलावून काय काय विचारतात?”

“तुमच्याबद्दल विचारतात.”

“आणि तू काय सांगतेस?”

“सांगते, की तुम्हाला झोप लागत नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. विश्वास बसला की नाही, ते मला कळलं नाही.

मग त्यांनी स्वयंपाकघरावरचा भरवसाच सोडला. स्वतः विहिरीवरून पाणी आणलं, सातू निवडला, खोलीतल्या शेगडीवर पेज शिजवली आणि आपल्या हातांनी सरकारांना भरवली. व्हायचं तेच झालं. सरकार पोट धरून गडबडा लोळले. बाईसाहेबांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि बाहेर आल्या.

“ट्राउटे, पाणी माझं, सातू माझा. म्हणजे एकतर विष मी घातलं, नाहीतर कुणीच घातलं नाही. आणि एवढ्या कळा येत असताना कपाळ कोरडं ठणठणीत कसं?”

वैद्यांनी सरकारांना रानातली हवा सांगितली होती. त्यासाठी गाडी त्यांना वनरक्षक किलियानच्या घरी सोडून यायची. बाईसाहेब म्हणाल्या, “आपणही हवा खाऊन येऊ.” बीचच्या झाडांखालून, ओल्या पाचोळ्यातून आम्ही दोघी चालत गेलो. धुरावलेल्या मांसाचा वास लांबूनच येत होता. खिडकीतून बघतो तर सरकार बाह्या वर सारून बसलेले. समोर हंसाच्या चरबीत परतलेले बटाट्याचे गोळे, हातात हातभर सॉसेज, आणि किलियानच्या कुठल्याशा विनोदावर ते असे हसत होते की डोळ्यांत पाणी.

बाईसाहेब सरळ आत गेल्या.

“बरं वाटतंय का आता?”

सरकारांच्या हातातलं सॉसेज बशीत पडलं. किलियान उठून भिंतीला टेकला.

“सिडोनी, ऐकून तर घे. तो कर्नल महिनाभर ठाण मांडून बसलाय. त्याच्या राजाला युद्धासाठी आपले शिपाई हवेत. बदल्यात मला ड्यूक ही मोठी पदवी देणार. आईला त्या पदवीपुढे काही दिसत नाही, ट्रोटवित्स तिच्या बाजूचा. सही केली तर इथली माणसं कुठल्या तरी परक्या चिखलात मरणार. आजारी माणसापुढे सहीचा कागद कुणी धरत नाही.”

“हे मला का नाही सांगितलंस?”

“तुला ठाऊक असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. कर्नल कंटाळून गेला की मी बरा होणारच होतो.”

“आणि तोवर मी विष घालणारी.”

“लोक काय, चार दिवस बोलतात.”

“उर्सेल बुरुजात आहे, लेबरेख्त! तिची बोटं चिमट्यात धरून विचारणार आहेत तिला. तुला माहीत आहे ना?”

बाईसाहेब त्यांच्यासमोर बसल्या.

“त्या दिवशी सगळ्यांदेखत मला तुझं सूप चाखायला लावलं. तेव्हा तू खाली बघत होतास. मला वाटलं, दुखत असेल बिचाऱ्याला.”

“मला लाज वाटत होती.”

“शिपाई द्यायचे नाहीत, हे मला पटतं. पण तुझा नकार माझ्या आडोशाला लपवू नकोस. उद्या कर्नलसमोर पोटभर जेव आणि तोंडाने नाही म्हण. नाही तर मी काय बघितलं ते मीच सांगेन त्याला.”

तसं सांगितलं असतं तर शिपाई गेलेच असते. त्यांनी खरंच सांगितलं असतं का? मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी सरकारांनाही आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी जेवणाला भाजलेला हंस आणि लाल कोबी होता. सरकार जेवले. आईसाहेब त्यांचा घास न् घास बघत होत्या. बशा उचलल्यावर कर्नल हसून म्हणाला, “आज प्रकृती छान दिसते. मग सहीचं उरकून घ्यायचं का?”

सरकारांचा हात आपसूक पोटाकडे गेला. समोरून बाईसाहेब त्या हाताकडे बघत होत्या. हात थांबला आणि पुन्हा टेबलावर आला.

“शिपाई मिळणार नाहीत, कर्नल.” सरकार म्हणाले. “तुमच्या राजाला सांगा, मी नाही म्हणालो.”

“लेबरेख्त, तुझी तब्येत बरी नाही,” आईसाहेब म्हणाल्या.

“तब्येत उत्तम आहे, आई. कधी बिघडलीच नव्हती.”

आईसाहेब उठल्या. मुलाकडे त्यांनी बघितलंही नाही. सुनेकडे वळून म्हणाल्या, “काय हो खायला घातलंत माझ्या मुलाला?”

कर्नल गेला. पदवी गेली. आईसाहेब रागाने तळ्याकाठच्या त्यांच्या वाड्यात राहायला गेल्या. उर्सेल सुटली खरी, पण बाईसाहेबांनी किती विनवलं तरी ती थांबली नाही. “या घरचं पाणीसुद्धा नको,” म्हणाली आणि मिळेल त्या गाडीने माहेरगावी निघून गेली.

गावाला खरं काय ते कुणी सांगितलंच नाही. सरकारांनी पोटदुखीचं सोंग केलं, हे दवंडी पिटून कसं सांगणार? तेव्हा गावाने आपलं आपण ठरवलं, की बाई घाबरली आणि विष घालायची थांबली. ज्यांची मुलं युद्धावर जायची वाचली, त्या आयासुद्धा बाईसाहेबांनी दिलेला खाऊ पोरांच्या हातातून काढून घ्यायच्या. हे माझ्यादेखत घडायचं. बाईसाहेब बघून न बघितल्यासारखं करायच्या.

पुढे त्यांना मुलं झाली. त्या पुन्हा हसायलाही लागल्या, पूर्वीएवढ्या मोठ्याने नाही. मग एका हिवाळ्यात सरकार शिकारीत घोड्यावरून पडले. त्यांना उचलून आणलं तेव्हा ते हात छातीशी धरून विव्हळत होते. मी वैद्यांना बोलवायला धावले, तर बाईसाहेब म्हणाल्या, “थांब जरा.” त्यांनी सरकारांचा हात हातात घेतला आणि अंगठ्याने कोपराखाली दाबून बघितलं. सरकार असे किंचाळले की अंगणातली कुत्री भुंकायला लागली.

“खराच मोडलाय,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि मग स्वतःच वैद्यांकडे अनवाणी पळत सुटल्या.