बाबांची निळी कृपा

गल्लीच्या टोकापर्यंत पुरुषांची रांग, आणि एकही जण स्वतःसाठी आलेला नाही! कुणी मित्रासाठी, कुणी शेजाऱ्यासाठी. आत बाबांची टकळी चालू होती, "एकच पुडी, दुधातून! ओसरलेली मर्दानगी तासाभरात परत! चेहरा लाल झाला, ते तेज. डोकं ठणकलं, तो विकार पळतोय. आणि जग निळसर दिसलं, की साक्षात कृपा!"

आणि खरंच दिसायचं हो! म्हणून तर गर्दी हटत नव्हती.

माझं औषधांचं दुकान. आमचे दाजी शिंपी. दोऱ्याची छटा डोळे मिटून ओळखतील असे. त्या दिवशी ताईने त्यांनी शिवलेला ऑपरेशनचा हिरवा गाऊन माझ्या काउंटरवर आपटला. शिवण निळ्या दोऱ्याची!

"कालपासून सात गाऊन असेच. वर म्हणतात, दोरा हिरवाच आहे. वेड लागलंय का रे यांना?"

मला बाबांची निळी कृपा आठवली. लिंगाला ताठरता यावी म्हणून डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिच्या माहितीपत्रकात हे सगळं छापलेलं असतं: लाल चेहरा, डोकेदुखी, निळसर दिसणं, निळ्या-हिरव्यात गफलत. आणि दाजींच्या खिशात छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते. दोन्ही एकत्र गेल्या तर रक्तदाब असा कोसळतो, की माणूस जायचा.

धावत सुटलो. दाजी रांगेतच होते. मला बघून म्हणाले, "मी आपला मित्रासाठी..."

"मित्राने छातीची गोळी घेतली का?"

"नाही रे," ते कुजबुजले.

"आता घेऊही नका. दुखलं तर थेट इस्पितळ, आणि तिथे पुडीचं सांगायचं."

मग मी एकाची पुडी घेऊन पांढऱ्या कागदावर ओतली. तपकिरी भुकटीत निळे कपचे दिसले, गोळीवरचं आवरण. "बाबा, ही कुठली मुळी?"

"सात डोंगरांपलीकडची!"

"मग त्या कुटायच्या खलाशेजारची पिशवी उघडा."

बाबा पिशवीवरच बसले. रांगेतल्या दोघांनी त्यांना उचललं, तर आतून गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स सांडल्या. झाली कृपा!

घरी ताई आधी रडली, मग भडकली. "मला सांगायचं होतंत. मी काय परकी आहे?" दुसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले.

मंडळी, हा आजार आहे, पाप नव्हे. कधी कधी तर ती हृदयविकाराची पहिली खूण असते. औषध आहे, पण कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे तपासूनच ठरतं. लाज वाटते? वाटू द्या. लाजत लाजत का होईना, डॉक्टरांकडेच जा.