पूर्ण बाह्यांचा फ्रॉक

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या शाळेत कांजिण्यांची साथ आली आणि नर्स इनेजला चेव चढला. रोज सकाळी गेटवर ती पोरांच्या बाह्या वर करून डोळ्यांत तेल घालून फोड शोधायची. बुधवारी बेव्हर्लीच्या टोनीच्या दंडावर तिला ते सापडले.

"सिस्टर, शनिवारी चर्चमध्ये त्याचं फर्स्ट कम्युनियन आहे," बेव्हर्ली गयावया करू लागली. "त्यासाठी सासूबाई वसईहून आल्यात. तासाभरात घरी आणते, खलास."

"खपल्या धरेपर्यंत कुठेच न्यायचं नाही. रूल सगळ्यांना सेम." इनेजने चर्चलाही फोन करून कळवलं. आपल्या कडकपणाचं तिला कोण कौतुक.

शुक्रवारी संध्याकाळी आपल्या करेनला आंघोळ घालताना तिच्या पाठीवर, दंडांवर तेच फोड दिसले. करेनच्याही पहिल्या कम्युनियनचा विधी उद्याच. इनेजचे आईवडील आलेले, हॉल ठरलेला, पांढरा फ्रॉक दाराला टांगलेला. मग तिने पोरीला तापाचं औषध पाजलं आणि जवळच्या मुसाफ्फाहच्या शिंप्याकडून फ्रॉकला पूर्ण बाह्या लावून आणल्या. दुसऱ्याच्या पोराला ठणकावून सांगितलेला नियम स्वतःच्या पोरीपाशी आल्यावर तिच्या घशाखाली उतरेना.

चर्चमध्ये मुलं जोडीजोडीने हात धरून वेदीपाशी गेली. करेनच्या जोडीला वर्गातला रॉयडन होता. सोमवारपासून करेन पोट बिघडलं म्हणून घरी राहिली. पंधरवड्याने रॉयडनसकट ती अख्खी रांग फोडांनी भरली.

"हे टोनीकडूनच आलं ना? त्या वर्गात पहिला तोच होता." प्रिन्सिपलनी विचारलं.

"असणार," इनेज म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग काय, आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बेव्हर्लीचा उद्धार सुरू झाला. टोनीला कुणी वाढदिवसाला बोलवेना.

एक दिवस बेव्हर्ली टोनीला घेऊन इनेजच्या खोलीत आली. हातात केकचा डबा होता. "करेनसाठी. पोट बरं आहे ना आता तिचं?" मग मान खाली घालून म्हणाली, "सॉरी सिस्टर. तेव्हा तुमचा फार राग आला होता मला. पण याला नेलं असतं तर अजून किती पोरं आजारी पडली असती."

इनेजने डबा घेऊन टेबलावर ठेवला.

"सिस्टर, व्हेन विल दे प्ले विथ मी?" टोनीने विचारलं.

इनेजने सवयीने त्याची बाही वर केली. दंड स्वच्छ होता, खपलीसुद्धा उरली नव्हती.

"व्हेरी सून, बेटा," ती म्हणाली आणि बाही नीट खाली ओढली.