फटफटीला फाळ कुठंय?

सहादेवाने फटफटी घ्यायचं ठरवलं तेव्हा कोल्हारात एकालाही ते पटलं नाही, आणि न पटणाऱ्यांत मी पहिला. मी गावच्या शाळेत मास्तर. मत दिल्याशिवाय मला अन्न पचत नाही. सहादेव लढाईत लष्कराची वाहनं चालवून नुकताच परतला होता, गाठीला पैसे होते, आणि माणसाने अशा वेळी बैल घ्यावेत, विहीर खोल करावी, असं मी त्याला पारावर सगळ्यांदेखत सुनावलं. तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याने मला एकट्याला गाठलं.

"मास्तर, कुनाला सांगू नका. फटफटी बनूसाठी घेतोय."

मी शब्द दिला. बनुबाई त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, गुडघा मोडला, आणि हाडवैद्याने बसवला तो कायमचा ताठ बसला. बैलगाडीत बसायचं म्हणजे प्रत्येक खड्ड्याला कळ डोक्यात जायची. पूर्वी आठवडी बाजारात तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. दोन आण्यांची वांगी ती एका आण्याला आणायची आणि वर मूठभर कोथिंबीर. आता सडकेकडेच्या वस्तीवर दिवसभर एकटी. बडबडी बाई मुकी झाली होती, आणि ते सहादेवाला सोसवत नव्हतं.

"फटफटीला बाजूनं जोडगाडी असती. साइडकार. लष्करात पाह्यलीय मी. स्प्रिंगा असत्यात. पाय लांब करून बसंल ती."

"मग सांग की गावाला."

"बाईलवेडा म्हन्तील. आमचा बन्सी हाय ना, जलमभर पिच्छा सोडायचा न्हाई."

बन्सी त्याचा चुलतभाऊ. गावातली निम्मी टोपणनावं त्याने ठेवलेली. सहादेवाची भीती अगदी खोटी नव्हती, तरी मला राग आला. तोफा ऐकून आलेला माणूस बन्सीच्या जिभेला भितो! पण शब्द दिला होता, गप्प राहिलो.

बिल वाचायला कुणी हवं म्हणून तो मला नगरला घेऊन गेला. दुकान यज्ञेश्वरपंतांचं. ते पूर्वी लष्कराच्या कचेरीत कारकून होते. आता लिलावात निघालेल्या फटफट्या घेऊन, दुरुस्त करून विकत होते. सहादेवाने इंजिनाला कान लावला, चाकं फिरवली, आणि मग दोघांनी सकाळभर घासाघीस केली. सौदा ठरला, चहा आला, आणि पंतांनी बिलात खाली आणखी एक आकडा लिहिला.

"ह्ये काय वर?" सहादेव म्हणाला.

"विक्रीकर. नवा निघालाय."

"त्यात किती सोडनार?"

"काही नाही. तो सरकारचा."

"तुमी सोडता, सरकार का न्हाई?"

"सरकार दुकानात येऊन बसत नाही हो, नाहीतर तुम्ही त्यालाही रडवलं असतं."

सहादेवाने पवित्रा बदलला. "शेतकऱ्याच्या अवजाराला कर न्हाई म्हनं. ही अवजारच हाय. भाजीपाला न्ह्यायची."

"फटफटीला फाळ कुठंय?"

"मोटंला तरी कुठं फाळ असतो?"

मला हसू आवरेना. पंतही हसले, पण पेन काही मागे घेतलं नाही. "मोटेवर बसून सासुरवाडीला जाता येत नाही. ही चैनीची वस्तू. कर पडणार."

साइडकारचं चाक आणि सांगाडा तेवढा शाबूत होता. वरचा बसायचा पाळणा कुठेतरी चेपून भंगारात गेलेला. सांगाड्यावरही कर लागला. तो फटफटीला जोडायची मजुरी पंतांनी वेगळी लिहिली आणि सांगितलं, की मजुरीवर कर नाही, कर फक्त मालावर.

सहादेवाचे डोळे चमकले. परत येताना मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलो होतो आणि तो वाऱ्यात ओरडून सांगत होता, "पाळना गावात करू, मास्तर! कारभारी सुतार हाय की आपला. लाकूड घरचं, काम बलुत्यात. कर बी न्हाई आन मजुरी बी न्हाई!"

कारभारी सुतार गावची शेतीची लाकूडकामं करायचा आणि त्याबद्दल खळ्यावर प्रत्येक घरातून ठरलेलं धान्य न्यायचा. ते त्याचं बलुतं. माणूस कामाला चोख आणि बोलायला सरळ. दुसऱ्या सकाळी सहादेवाने फटफटी त्याच्या छपरापुढे उभी केली तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. बन्सी सगळ्यांत पुढे.

कारभाऱ्याने सांगाड्याभोवती एक फेरी मारली. "बलुत्यात नांगर येतो, कुळव येतो, पाभर येती. ह्ये काय म्हनून धरायचं?"

"अवजार," सहादेव म्हणाला.

"मास्तर, नगरात काय म्हनले?"

सगळे माझ्याकडे वळले. खोटं बोलणं मला जमत नाही, निदान शाळेच्या आसपास तरी नाही. "चैनीची वस्तू म्हणाले. कर घेतला."

"झालं मंग. सरकारला चैन आन सुताराला अवजार?" लोक हसले. कारभारी हसला नाही. "तरी माझी ना न्हाई. माल न्ह्यायचा आसंल तर चार फळ्या ठोकून पेटी देतो, बलुत्यात. पन मानूस बसायचं आसंल तर बूड वेगळं, पाठ वेगळी, कडा घासाव्या लागत्यात. ते रोखीचं काम. सांगा, काय करू?"

सहादेव मिशीला हात लावून उभा राहिला. माझ्या जिभेला अशी खाज सुटली म्हणता! एक शब्द पुरला असता, पण तो बोलायची मला मुभा नव्हती. पेटी म्हटली की पैसे वाचले, अब्रू वाचली, आणि बनुबाई वस्तीवरच राहिली.

"पेटीच कर की," बन्सी म्हणाला. "कांदं बसवून मिरव गावभर."

कारभाऱ्याने फळी ओढली. "माप सांगा. गोनी का पाटी?"

"माप..." सहादेव घुटमळला. "माप घरी हाय."

"घरी काय हाय?"

"घरातलं मानूस बसनार हाय."

"कोन? म्हातारी आसंल तर बूड खाली ठिवतो, चढायला सोपं."

आता पळवाट उरली नाही. सहादेवाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि तो इतक्या मोठ्यांदा बोलला की छपरावरचे कावळे उडाले.

"माझी बायकू बसनार हाय त्यात! तिचा पाय वाकत न्हाई. तिच्यासाठीच घेतलीय ही फटफटी, दुसऱ्या कशाला न्हाई. बाजार दावायचाय तिला. पाय सरळ ठेवता यील आसा पाळना कर, आन काय व्हतील ते पैसं सांग."

बन्सीने तोंड उघडलं, पण फटफटीभोवती उभ्या बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. मला काय वाटलं ते सांगतो: त्या माणसाचा मला अभिमान वाटला.

कारभाऱ्याने रोख मजुरी सांगितली, एक पैसा कमी केला नाही, आणि सहादेवाने एक पैसा घासला नाही. मग आम्ही तिघे माप घ्यायला वस्तीवर गेलो.

बनुबाई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. फटफटी पाहून ती भडकली. इतके पैसे? वर कर? बैल घेता आले असते! मी मान खाली घातली, कारण हे माझंच व्याख्यान होतं. सहादेव गाईला पाणी दाखवायचं निमित्त करून गोठ्याकडे सटकला.

कारभाऱ्याने मापाची दोरी उलगडली. "वहिनी, माप द्या. तुमच्यासाठी पाळना करायचाय."

"माझ्यासाठी कोन म्हनलं?"

"त्येच म्हनले. चारचौघांत."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "चारचौघांत? मास्तर, काय म्हनले? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, ओरडून, जसं तो ओरडला तसं.

"बन्सीभावजी व्हते?"

"पुढेच उभा होता."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून दोन वर्षांत आम्ही ऐकला नव्हता तो बाजारातला आवाज काढला. "अवो, गोठ्यात काय लपलाय? या हिकडं! गावापुढं बोललात, आता मला कसलं लाजता?"

सहादेव आला. तिने सूप बाजूला सारलं आणि ताठ पाय ओट्यावर सरळ पसरला. कारभाऱ्याने दोरी तिच्या कमरेपाशी धरली आणि दुसरं टोक पुढे केलं. गावरिवाजाप्रमाणे नवऱ्याने बायकोच्या पायाशी बसायचं नसतं. सहादेव बसला, तिच्या टाचेपाशी दोरी ताणून धरली, आणि कारभाऱ्याला म्हणाला, "वीतभर जास्त धर. ऐसपैस बसू दे तिला."