ऑपेरातलं पोर

कॉलेजात माझा फ्रेंच विषय होता. तिथे बाईंनी आम्हाला एका ऑपेराच्या रेकॉर्डी ऐकवल्या होत्या. कादंबरीवरून केलेलं नाटक, पण बोलणंसुद्धा सगळं गाण्यात. लग्न होऊन खालापूरजवळच्या वस्तीत आल्यावर ती गोष्ट मी सहज आमच्या जलसा मंडळाच्या धर्माजीभाऊंना सांगितली, आणि मंडळाने बुद्धपौर्णिमेला तिचाच खेळ लावला. नवऱ्याने टाकलेली बाई, तिने चर्चच्या पायरीवर ठेवलेलं मूल, आणि कित्येक वर्षांनी परत येऊन ते मागणं. चर्चचा विहार झाला. बाई मंडळातला काळूराम झाला. मूल मात्र खरंच हवं, यावर धर्माजीभाऊ अडून बसले.

"उशी घेतली की लोक हसत्यात, वहिनी. मागल्या साली हसली."

माझा मिलिंद सात महिन्यांचा, डांग्या खोकल्यातून नुकता उठलेला. रडला की खोकायचा, खोकला की ओठ निळे पडायचे. त्याचा श्वास ऐकत किती रात्री काढल्या होत्या. नाही म्हणायलाही जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता. "रडला तर मी लगेच उचलणार," एवढंच बोलले.

संध्याकाळी विहारापुढे खेळ सुरू झाला. काळूराम माझीच साडी नेसला होता, म्हणून मिलिंद त्याच्या कडेवर गप्प होता. त्याने त्याला पायरीवर निजवलं आणि निरोपाचं गाणं धरलं. मी कनातीआडून मिलिंदची छाती बघत होते. दुसऱ्या कडव्याला बायकांतून वस्तीतली म्हातारी ठकूबाई उठली आणि सरळ पायरीवर गेली.

"पोर उघड्या फरशीवर टाकून गानी म्हनतेस गं?"

काळूराम पदर सावरत हळूच म्हणाला, "आजी, नाटक हाय."

"पोर तर खरं हाय नं?"

लोक मोठ्याने हसले. मिलिंद दचकला, रडला आणि त्याला ढास लागली. मी धावले. तोवर ठकूबाईने त्याला हातावर पालथं घेऊन पाठ चोळायला घेतली होती. मी फक्त ओठ बघत होते. लालच राहिले.

ती त्याला घेऊन पुढच्या चटईवर बसली. तो मांडीवर झोपला. धर्माजीभाऊंनी पेटी वाजवत खेळ पुढे रेटला. शेवटच्या प्रवेशात केसांना पीठ लावलेला काळूराम पोर मागत आला. पायरी रिकामी. काय करावं न सुचून तो ठकूबाईपुढे उभा राहून गायला लागला.

"आता कशाला आलीस? इतकी वर्सं कुठं होतीस?"

त्याला पाठ असलेलं सगळं संपलं होतं. "चुकले, आजी," तो न गाताच म्हणाला.

"मग बस हितं. उठंल तवा देईन."

काळूराम बसला. धर्माजीभाऊंनी तिथेच पेटी मिटली. मूळ ऑपेरात ती आई शेवटी एकटीच निघून जाते.

मी जवळ जाऊन हात पुढे केले. "मावशी, द्या आता."

"तुला येगळं सांगू का गं? डोळं बघ कसं झालंत. बस."

मी काळूरामशेजारी बसले. मिलिंदच्या पाठीवर ठेवलेला ठकूबाईचा हात श्वासाबरोबर वरखाली होत होता. तो बघता बघता मला बसल्याबसल्याच झोप लागली.