डोंगरावरची साक्ष

शहरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईंनी टिपलेलं कुठलं ना कुठलं जोडपं भिंतीवरून हसत असे. त्यातली काही जोडपी खाली सोफ्यावर एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, पण भिंतीवरचं हसू शाबूत होतं. "हसू माझं काम," बाई म्हणायच्या, "पुढचं त्यांचं त्यांनी बघावं."

चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की बाईंचा स्टुडिओ. पुढच्या खोलीत बाई गिऱ्हाइकांशी बोलायच्या, मागच्या खोलीत त्यांचे यजमान फोटो छापायचे आणि अल्बम बांधायचे. बोलण्याचा सगळा ठेका बाईंकडे होता. यजमान डिंकाचा ब्रश तोंडात धरून मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ बाई आपल्या सोयीनं लावायच्या. संसार छान चालला होता.

आणि अशा या बाईंच्या एकुलत्या एका मुलानं मागच्या वर्षी दुसऱ्या शहरात, नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केलं आणि संध्याकाळी फोनवर सांगितलं.

"आई, आज आम्ही लग्न केलं."

बाईंच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते भलतंच. "फोटो कोणी काढले?"

"कोणीच नाही."

"का?" बाई कडाडल्या, आणि उत्तर यायच्या आत त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मुलाचा फोन आला की त्या तो लांब धरून म्हणायच्या, "घ्या, तुमचा मुलगा." यजमान फोन घेऊन जिन्यात जायचे, बराच वेळ बोलायचे आणि परत येऊन डिंक ढवळायला लागायचे. बाई विचारायच्या नाहीत. मात्र जिन्याचं दार नीट लागू नये याची काळजी घ्यायच्या.

त्यामुळे जेव्हा एका मुलीचा फोन आला की आम्हा दोघांनाच लग्न करायचंय, डोंगरावर, घरच्यांपैकी कोणी येणार नाही, तुम्ही फोटो काढाल का, तेव्हा बाईंनी तिला तोडूनच टाकलं.

"पळून जाऊन लग्न करणाऱ्यांचं काम मी घेत नाही."

"पळून नाही हो मॅडम," मुलगी म्हणाली, "चालत जाणार आहोत. चढ फार आहे."

बाईंना हसू फुटलं, आणि तिथंच त्या फसल्या. तरी विचार करून सांगते म्हणाल्या आणि फोन यजमानांच्या हातात देऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा यजमानांनी काम घेऊन टाकलं होतं.

"जाऊन येऊ," ते म्हणाले. "हॉलमधल्या दिव्यांत फोटो काढून काढून तूच कंटाळली होतीस ना?"

ठरल्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी पाच माणसं जमली. मुलगी दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघायची तिला सवय होती. अंगात हिरवा लोकरी कोट, पायांत चिखलाचे बूट. नवरामुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या खोबणीत, हातात बॅटरी घेऊन लोंबकळायचं, म्हणून लग्न उघड्यावरच करायचं असा त्याचा हट्ट. तिसरे होते ते लग्न नोंदवणारे साहेब, सुटाबुटात, टाय बांधलेले, एका हातात काठी आणि काखेत कागदांची पिशवी.

"तिसऱ्या मजल्याच्या वर मी आजवर कोणाचं लग्न लावलेलं नाही," साहेब पहिल्याच वळणावर धापा टाकत म्हणाले.

वाट पाइनच्या झाडांतून वर गेली आणि मग झाडं मागे पडली. वाळलेलं पिवळं गवत, मधूनमधून काळे खडक, उजव्या हाताला खोल खाली तळं. तळ्यापलीकडच्या कड्यावरून पाणी पडत होतं, पण इतक्या लांबून त्याचा आवाज नुसता श्वासासारखा यायचा. बाई वयाच्या मानानं तुरुतुरु चालत होत्या. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणून त्यांनी त्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवल्या होत्या. यजमान ट्रायपॉड खांद्यावर टाकून मागून येत होते आणि दर वळणावर थांबून "वा" म्हणत होते.

तळ्यावर झुकलेला एक सपाट खडक मुलानं हेरून ठेवला होता. बाईंनी जागा बघितली आणि त्यांचा राग विरघळलाच. ऊन पांढऱ्या ढगांतून गाळून येत होतं, सावल्या मऊ होत्या. इथं उभं करायचं, इथून पाणी मागे घ्यायचं, वारा डावीकडून आहे तेव्हा केस चेहऱ्यावर येणार नाहीत. बाईंच्या डोक्यात भराभर चौकटी पडू लागल्या.

साहेबांनी घाम पुसला, टाय सारखा केला, कागद काढले. "दोन साक्षीदार कोण?"

यजमान खाकरले. चांगले तीनदा खाकरले.

बाईंनी वळून बघितलं. "म्हणजे?"

"अगं, फोनवर तिनं विचारलं होतं. आपण दोघं तिथं असणारच आहोत, तर..."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग मी आत्ता नाही म्हणते!" बाईंचा आवाज कड्यावर आपटून परत आला. "मी फोटो काढीन. सही करणार नाही. फोटो काढणारा काय, समोर असेल ते टिपतो. सही करणारा बाजू घेतो. खाली कुठंतरी हिची आई बसलीय, तिला काही माहीत नाही, आणि मी इथं कागदावर लिहून देऊ की सगळं ठीक आहे?"

साहेबांनी घड्याळ बघितल्यासारखं केलं. मुलगा बुटाच्या टाचेनं गवत उकरत राहिला. शेवटी मुलगीच पुढे आली आणि बाईंना हाताला धरून खडकाच्या आडोशाला घेऊन गेली.

"माझे आईबाबा वेगळे राहतात, काकू," ती म्हणाली. मॅडमची काकू कधी झाली ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. "मी शाळेत असल्यापासून. तेव्हापासून आईचे निरोप बाबांना आणि त्यांचे टोमणे तिला मीच पोचवते. लग्नाचा विषय काढला तर आई म्हणाली, ते येणार असतील तर मी येणार नाही. बाबांनीही अगदी तेच वाक्य ऐकवलं. तेवढ्या बाबतीत दोघांचं एकमत! मला लग्नाच्या दिवशी तरी टपालवाली व्हायचं नव्हतं. एक दिवस मला माझा हवा होता."

"आणि उद्या?"

"उद्या सकाळी आईकडे, दुपारी बाबांकडे. दोघंही ओरडतील. पण सगळं झाल्यावर ओरडतील."

बाई खडकाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, मुलीचं म्हणणं ऐकून आपला राग तरी वाढेल नाहीतर आपल्या मुलाचं कोडं तरी उलगडेल. दोन्ही झालं नाही. आमच्या घरात असलं भांडण कुठं होतं, त्यांच्या मनात आलं. मग त्यानं का केलं असं? आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदाच जाणवलं की याचं उत्तर आपल्याला खरंच माहीत नाही. आपण 'का' म्हणालो होतो, पण ते विचारणं नव्हतं. ती फिर्याद होती. आरोपीला बोलू न देताच आपण निकाल लावून मोकळ्या झालो.

"ऐक," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज उगाच दरडावल्यासारखा निघाला. "उद्या तुझी आई पहिलं वाक्य काहीतरी वेडंवाकडंच बोलेल. कोट कसला घातलास, जेवायला काय होतं, असलं काहीतरी. त्यावर जाऊ नकोस. त्या वेळी माणूस भानावर नसतं. तिला दुसरं वाक्य सुचेपर्यंत थांब. ती दार लावायला लागली तर मध्ये पाय घाल."

मुलीनं मान डोलावली. ती बाईंच्या दातांकडे बघत नव्हती, डोळ्यांकडे बघत होती.

"चल," बाई म्हणाल्या. "करते सही."

दोघी परतल्या तोवर खालच्या दरीतून ढग वर चढू लागला होता. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आत तळं गेलं, मग धबधबा गेला, मग ट्रायपॉडसुद्धा दिसेना. भिंगावर थेंब जमले. पुसले की पुन्हा जमले. इतक्या वर्षांत बाईंनी ऐन मुहूर्ताला कॅमेरा कधी खाली ठेवला नव्हता. त्यांनी दोनदा नुसता पांढरा पडदा टिपला, मग कॅमेरा कोटाच्या आत घेतला आणि जवळ सरकल्या, कारण वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. साक्षीदाराला ऐकू तरी यायला हवं.

पाचही जण अगदी अंगाला अंग लावून उभे राहिले. साहेबांनी कायद्याचं वाक्य म्हटलं, ते कागदावरचं कोरडं वाक्य होतं. मुलानं ते त्यांच्यामागून म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच अडखळला. मुलीनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, जणू तेवढ्याचसाठी तो थांबला होता, आणि मग त्याला उरलेले शब्द सापडले. बाईंनी आयुष्यात शेकड्यांनी लग्नं लावली जाताना बघितली होती. बघितली म्हणजे टिपली होती. उजेड, कोन, कोणाचा हात मध्ये येतोय, कोणाचे डोळे मिटलेत. शब्द कधी कानांपर्यंत पोचलेच नव्हते. आता पोचले, आणि त्या मुकाट्यानं रडल्या. यजमानांनी रुमाल पुढे केला. त्याला डिंकाचा वास येत होता.

ओलसर कागदावर दोघांनी सह्या केल्या. बाईंच्या सहीची शाई जरा पसरली.

थोड्या वेळानं ढग फाटला आणि खालून तळं लखलखत वर आलं. बाई भानावर आल्या, कॅमेरा बाहेर निघाला, आणि पुढचा तासभर त्यांनी दोघांना जराही उसंत दिली नाही. खडकावर, गवतात, वाऱ्यात, पाठ करून, पळत, बसून. साहेबांनीही टाय सोडून एक फोटो काढून घेतला, बायकोला दाखवायला.

"त्या वेळचा फोटो मात्र नाही मिळाला," उतरताना बाई नवऱ्यामुलाला म्हणाल्या. हे कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "शपथ घेतानाचा. नुसतं पांढरं आहे."

"असू दे काकू," मुलगा म्हणाला. "आम्ही होतो की तिथं. तुम्हीपण होतात."

परतीच्या वाटेवर गाडीत बाई गप्प होत्या. यजमानांना ते इतकं अवघड गेलं की शेवटी तेच बोलू लागले.

"पाय दुखतायत का?"

"आपल्या घरात भांडण नव्हतं ना हो?"

"नव्हतं," यजमान म्हणाले. त्यांनी एक ट्रक पुढे जाऊ दिला. "भांडायला दोघांनी बोलावं लागतं. तू बोलायचीस, आम्ही ऐकायचो."

दुसरा कोणता दिवस असता तर बाईंनी या वाक्याचा समाचार घेतला असता. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

रविवारी फोन वाजला. यजमान सवयीनं हात पुसत उठले, पण बाईंनी फोन घेतला तो कानालाच लावला.

"बाबा?"

"बाबा नाही, मी आहे. मागच्या वर्षी मी 'का' म्हणून विचारलं होतं. तुझं उत्तर राहिलं होतं."

आणि या वेळी उत्तर येईपर्यंत त्या थांबल्या.

"तिला जमत नाही, आई," मुलगा शेवटी म्हणाला. "लोकांनी आपल्याकडे बघणं. कॅमेरा तर नकोच. लहानपणी तोंडाला भाजलं होतं तिच्या, खूण आहे. मला ती खूण दिसतसुद्धा नाही आता, पण तिला रोज दिसते. आणि मी तिला सांगितलेलं की माझी आई लग्नाचे फोटो काढते. तीन रात्री झोपली नाही ती."

"मग मला सांगायचं होतंस!"

"तू काय म्हणाली असतीस?"

बाईंनी तोंड उघडलं. दुसऱ्या बाजूनं उजेड घेतला तर खूण दिसणारच नाही, हे वाक्य अगदी जिभेवर आलेलं होतं. ते त्यांनी गिळलं. गिळताना त्यांना कळलं की मुलानं ते वर्षभरापूर्वीच मनातल्या मनात ऐकलं होतं.

"आम्ही येऊ का?" त्यांनी विचारलं. "तिला विचारून सांग. ती नको म्हणाली तर नंतर कधीतरी."

ती नको म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात दोघं तिकडे गेले. छोटं दोन खोल्यांचं घर, खिडकीत कुंड्या, सगळं लख्ख आवरलेलं, इतकं की पाय कुठं ठेवावा कळू नये. सून स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, गालाचा एक भाग चौकटीच्या आड ठेवून. बाई तिच्याकडे बघायचं की नाही या पेचात पडल्या. बघावं तर तिला त्रास, न बघावं तर अपमान. त्या कुंड्यांकडे बघत राहिल्या.

"कॅमेरा आणलाय का?" सुनेनं हळूच विचारलं.

"गाडीत आहे," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमेना. "सवय आहे. पण तो गाडीतच राहील, शब्द देते."

सून थोडी पुढे आली. चहाचा ट्रे ठेवला, आणि जरा धीर करून समोरच्या खुर्चीवर बसली. मग तिनंच विचारलं, "तुमच्या लग्नाचे फोटो कोणी काढले होते?"

बाईंनी यजमानांकडे बघितलं आणि दोघांनाही एकदम हसू आलं.

"माझ्या मामांनी," बाई म्हणाल्या. "नवा कोरा कॅमेरा होता, आणि कोणाला हात लावू देतील तर शपथ!"

"एकाही फोटोत मला डोकं नाही," यजमान म्हणाले. "कोट आहे, बूट आहेत. डोकं नाही. ती नेमकं कोणाशी लग्न करतेय, याला पुरावा नाही."

सुनेला हसू आवरेना. हसताना तिनं हात गालाकडे नेला, पण तो अर्ध्यावरच राहिला. "सांगा ना सगळं," ती म्हणाली.

मुलानं ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की त्याला ती पाठ होती. तरी तो चहाचा कप घेऊन आईशेजारी येऊन बसला. बाई बोलू लागल्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता पुढचं तुम्ही सांगा."