यादीतलं नाव

रीनानं इंटरनेटच्या वायरचा तिसरा कनेक्टर कापून खाली फेकला, तसा जितेंद्रमामानं शिडीवरचा हात काढून घेतला.

“अवं, काय करून राहिली तू? तीन झाले.”

“वायर खराब आहे.”

“वायर कालच आणली. नवीन आहे.”

 बेसाच्या या फ्लॅटस्कीमचा सातवा मजला अजून उघडाच होता. खिडक्यांना काचा नव्हत्या आणि गरम वाऱ्याबरोबर सिमेंटची धूळ थेट दातांत येत होती. तिनं वायरचं टोक पुन्हा सोललं. आठ बारीक तारा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. ही रांग तिला स्वतःच्या नावासारखी पाठ होती. अंधारात, छताच्या पोकळीत पोटावर पडून तिनं ती लावली होती. आज दिवसाउजेडी बोटं हिरव्यापाशी अडखळत होती.

चौथा कनेक्टर दाबला, टेस्टरला जोडला. सात दिवे लागले, आठवा नाही.

कनेक्टर दाबायचा क्रिम्पर तिच्या हातून सुटला की तिनं फेकला, हे मामाला कळलं होतं. तो भिंतीवर आपटून पाण्याच्या कॅनजवळ जाऊन पडला. मामानं तो उचलला, फुंकर मारून पाहिला आणि स्वतःच्याच खिशात ठेवला.

“उतर. चहा पी.”

“मले नाही पाहिजे चहा.”

“मंग उतरून उभी राहा. पण उतर.”

ती उतरली. मामानं थर्मासचं झाकण भरून तिच्यासमोर धरलं आणि चार दिवसांपासून जे तो रोज बोलत होता तेच बोलला. “परीक्षेच्या व्हाउचरमध्ये दोन अटेम्प्ट आहेत. महिनाअखेरपर्यंत. बुक करून टाक.”

“मी नाही देत.”

“काहून?”

“मी सांगितलं ना एकदा.”

“त्या ऑफिसवाल्याचा कालपण फोन आला. सर्टिफिकेट दाखवा, जॉइन व्हा. थांबून राहिला तो तुयासाठी.”

“त्याले सांग, नको थांबू.”

नापास कशी झाली, हे आठवलं की तिचे कान तापायचे. प्रश्न येत नव्हते म्हणून नापास झाली असती तर तिनं एक वेळ सहन केलं असतं. पण मामानं तिला कामाची एकच रीत शिकवली होती: जिथं अडलं ते सोडायचं, बाकीचं उरकायचं, मग परत यायचं. एका खराब पॉइंटसाठी आठ मजले अडवून धरायचे नाहीत. तिनं परीक्षेतही तेच केलं. पाच मोठे प्रश्न, सगळे येणारे, फक्त वेळखाऊ. नंतर निवांत करू म्हणून पुढे गेली. शेवटी परत जायला निघाली तर परत जायला जागाच नव्हती. पडद्यावर ‘धन्यवाद’ आलं आणि खाली आकडा. आठशे पंचवीस पाहिजे होते, सातशे सत्याऐंशी आले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मॅडम, सुरुवातीलाच लिहिलं होतं, मागे जाता येत नाही. तिनं ते पान वाचलंच नव्हतं. नव्या मशीनचा डबा फोडल्यावर आतला कागद कोण वाचतं?

मामाला तिनं त्याच दिवशी सांगितलं. मामाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून तिलाच त्याचा राग आला.

आईला मात्र सांगितलं, निकाल यायचा आहे. आईला खरं वाटलं. तिच्या हिशेबानं कुठल्याही परीक्षेचा निकाल दोन महिने लागतो.

“आन रविवारचं काय?” मामानं विचारलं.

रविवारपाशीच तर घोडं अडलं होतं. रविवारी समाजाच्या सभागृहात गुणवंतांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, माइकवर नाव, नावापुढे टक्के. महिन्याभरापूर्वी आईनं गांधीबागेतून परत आल्यावर पिशवी ठेवता ठेवता सांगितलं होतं, “कृष्णकांतभाऊकडं तुयं नाव दिलं गं मी. तू पास होतेच.” मग ते शेजारच्या पुष्पलताकाकूंना कळलं, दूधवाल्याला कळलं, उमरेडच्या मावशीलाही कळलं. दहावीत असताना लॅबच्या सरांशी भांडून रीनानं दप्तर मैदानात फेकलं आणि शाळेचं तोंड पुन्हा पाहिलं नाही, त्याला चार वर्षं झाली होती. चारही वर्षं आई त्या कार्यक्रमाला गेली, शेवटच्या रांगेत बसली आणि दुसऱ्यांच्या पोरांसाठी टाळ्या वाजवून आली.

“नाव काढून घे मंग,” मामा म्हणाला. “त्याच्यात काय?”

“काढतेच. आत्ता जाते.”

“आत्ता? आन हे कोण करन?”

“आठवा दिवा तूच लाव,” ती म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन जिना उतरली.

नंदनवनच्या घरात पिकोचं मशीन चालू होतं. रीनाची आई, शोभाताई, मान खाली घालून एका जांभळ्या साडीला फॉल लावत होती. गांधीबागेतल्या तीन दुकानांच्या साड्या तिच्याकडे येत. त्यांतलं सगळ्यात मोठं दुकान कृष्णकांतभाऊंचं, आणि समाजमंडळाचे सचिवही तेच. घरात त्यांना काकाजी म्हणत.

“काकाजीचा गठ्ठा झाला का?” रीनानं दारातूनच विचारलं. “मी नेऊन देते.”

मशीन थांबलं. “तू? मी जातो ना उद्या.”

“मले तिकडंच काम आहे. केबल घ्यायची आहे.”

आईनं गठ्ठ्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. रीनानं हात पुढे केला तरी ती लगेच देईना.

“दे ना वं.”

“देतो. पण तिथं बसू नको. काकाजी बोलत राहतात आन गिऱ्हाईकं खोळंबतात. गठ्ठा द्यायचा आन निघायचं.”

“हो.”

“जेवून जा.”

“आल्यावर.”

गांधीबागेत दुपारीसुद्धा गाडी लावायला जागा नव्हती. हातगाडीवाल्याशी एक, रिक्षावाल्याशी एक, असं दोनदा भांडून रीना दुकानाशी पोहोचली. चपला काढून पांढऱ्या गादीवर चढली आणि गठ्ठा ठेवला. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. कृष्णकांत पंख्याखाली बसून टरबूज खात होते.

“या, इंजिनीअर मॅडम. आज सूर्य कुठून निघाला?”

“साड्या आणल्या.”

“आई बरी आहे ना?”

“बरी आहे. काकाजी, एक काम होतं.” तिनं वाटेत सगळं घोकलं होतं. रागानं बोलायचं नाही, कारण सांगायचं नाही. “रविवारच्या यादीतून माझं नाव काढून टाका.”

“कोणत्या यादीतून?”

“सत्काराच्या.”

त्यांनी बोटं पुसली, गल्ल्याखालून फाईल काढली. छापलेले तीन कागद. बोट वरून खाली आलं, पुन्हा वर गेलं, दुसऱ्या कागदावर गेलं. तिसऱ्या कागदाच्या तळाशी पोहोचलं तेव्हा रीनाही वाकून वाचत होती. भूमिका होती, साहिल होता, दोन आयुष होते.

“तुझं नाव नाही इथं.”

“असं कसं? आईनं दिलं ना.”

कृष्णकांतांनी चष्मा काढला. बोललं तर चूक की न बोललं तर चूक, असा काहीसा चेहरा त्यांनी केला.

“आली होती. फॉर्म घेतला, तिथंच बसली, तू बसली तिथं. माझाच पेन. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मंग ‘शेवटची उत्तीर्ण परीक्षा’ म्हणून खाना आहे, तिथं थांबली. मले विचारते, कॉम्प्युटरची लिहिली त चालते का? निकाल लागला की आणून दाखवतो. मी म्हटलं, शोभाताई, कमीत कमी दहावी पास लागते, नियम आहे. मी नाही केला गं तो. कमिटीचा आहे.”

“मग?”

“मंग काय? फॉर्मची घडी केली, पिशवीत टाकली. साड्या घेतल्या आन गेली.” त्यांनी फाईल बंद केली. “जाता जाता म्हणे, पोरीले बोलू नका, तिची परीक्षा आहे. मले वाटलं, आतापर्यंत सांगितलं असन तिनं. नाही सांगितलं का?”

एरवी रीनानं ती फाईल उचलून विचारलं असतं, तुमच्या दुकानातला कॅमेरा बंद पडला तेव्हा कोणाला बोलावलं होतं? दहावी पास होती का तेव्हा ती? शब्द ओठांवर आलेही होते. तिनं गठ्ठ्याची सैल झालेली गाठ सोडली आणि घट्ट आवळून बांधली.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मीच विसरली.”

“आन तू नाव काढाले काहून आली होती?”

“असंच.”

“टरबूज घे.”

तिनं एक फोड घेतली, कारण न घेता उठली असती तर त्यांनी आणखी काही विचारलं असतं. खाताना तिला समोरच्या आरशात स्वतःचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या मागे घड्या घातलेल्या साड्यांची भिंत. महिना झाला होता. महिनाभर आई पहाटे पाचला चहा ठेवून तिला उठवत होती आणि वर म्हणत होती, ऊठ, स्टेजवर जायचं आहे. दूधवाल्याला सांगत होती. रविवारी काय करणार होती ती? रीनाला ते लगेच कळलं. शनिवारी संध्याकाळी आईला चक्कर येणार होती. रीनानं शाळा सोडली तेव्हाही आली होती. तीन दिवस झोपून होती, आणि आजारी बाईला कोणी पोरीबद्दल विचारलं नव्हतं.

रस्त्यावर येऊन तिनं गाडी काढली, पुन्हा स्टँडवर लावली. हात चिकट झाले होते. ती समोरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, उठली, परत बसली. तेवढ्यात फोन वाजला.

“दिला का गठ्ठा?” आईनं विचारलं.

“दिला.”

“काकाजी काही बोलले?”

“नाही. गिऱ्हाईकं होती.”

“हं.” पलीकडे मशीन बंद होतं. “मंग ये जेवाले. रविवारी नेसाची साडी पण काढून ठेवतो आज.”

“आई, रविवारी मले नाही जमत.”

“काय नाही जमत?”

“सत्काराले याले. पेपर आहे माझा.”

“पेपर त झाला ना.”

“तो गेला,” रीना म्हणाली. शेजारून पोती लादलेला ठेला गेला आणि तिला तेवढा वेळ थांबावं लागलं. “अडतीस मार्कांनी गेला. हा दुसरा आहे.”

 शेजारच्या घरातला कुकर फोनमधून ऐकू येत होता. एक शिटी, मग दुसरी. रीना पायरीवरच्या सिमेंटचा पोपडा नखानं काढत राहिली.

“गेला त गेला,” आई शेवटी म्हणाली. आवाज बारीक होता, पण रडका नव्हता. उलट, डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यावर माणूस बोलतो तसा. “पेपर पहिले. सत्कार काय, दरवर्षी राहते. किती वाजता आहे?”

हे तिनं ठरवलंच नव्हतं. तिनं फोन कानापासून काढला, स्पीकरवर टाकला आणि परीक्षेची साइट उघडली. उन्हात पडदा दिसेना, म्हणून ओढणी डोक्यावरून पुढे घेतली. रविवारी एकच जागा उरली होती.

“साडेआठ. सकाळी.”

“मंग पाचलेच उठवतो.” थोडं थांबून आई म्हणाली, “आन ते काकाजीचं मी पाहून घेतो. यादीतून नाव काढून टाका म्हणतो. तू नको बोलू त्यांच्याशी.”

रीनानं मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं. दुकानात कृष्णकांत गठ्ठा सोडून एकेक साडी झटकून पाहत होते.

“हो,” ती म्हणाली. “तूच सांग.”

मग तिनं साडेआठच्या चौकोनावर बोट ठेवलं. सूचनांचं पान उघडलं. लांबलचक होतं. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.