दुपारचं कुलूप

"शैलाकाकू, तुमच्याकडची ती मुलगी कुठे आहे?" अमोलने विचारलं.

त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच शैलाताईंनी जाळीचं दार उघडलं नाही. शनिवारचे साडेचार वाजले होते. जाळीच्या दारापलीकडे दुसऱ्या मजल्यावरचा अमोल आपल्या पाच वर्षांच्या नेत्राला कडेवर घेऊन उभा होता. पोरगी आता कडेवर घेण्याजोगी राहिली नव्हती. तिचे पाय त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते आणि रडून रडून चेहरा सुजला होता. मागे सोसायटीचे सेक्रेटरी भूपेशभाई, आणि जिन्यावर पार खालपर्यंत दहा-बारा माणसं. त्यातल्या एकाने मोबाइल छातीशी उभा धरला होता.

"आत आहे. का रे, काय झालं?"

काय झालं ते चौघांनी एकदम सांगितलं. नेत्रा दुपारी दोनच्या सुमाराला घरातून नाहीशी झाली होती. आजीचा डोळा लागला होता. अडीचला ती जागी झाली तेव्हा दार उघडं आणि पोर गायब. वॉचमन बबनने सगळे मजले पालथे घातले, मग लोक बाहेर पडले, बेव्हर्ली पार्क भागातल्या गल्ल्या, बाग, रिक्षास्टँड सगळं शोधून झालं. अमोल ऑफिसातून धावत आला. चार वाजता कुणाला तरी गच्चीवरून रडणं ऐकू आलं. नेत्रा पाण्याच्या टाकीमागे सापडली. वर कोण घेऊन गेलं, असं आईने दहादा विचारलं तरी ती बोलेना. मग गर्दीतून कुणीतरी विचारलं, "त्या काळ्या दीदीने नेलं का?" आणि नेत्राने मान हलवली.

तिथून शैलाताईंच्या चौथ्या मजल्याच्या दारापर्यंत यायला माणसांना दहा मिनिटंही लागली नव्हती. सोसायटीच्या ग्रुपवर तर बातमी त्याआधीच पोचली होती.

मेरोनला येऊन अकरा दिवस झाले होते. ती इथिओपियाची, हवासा नावाच्या गावची, वय एकवीस. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून ती वर्षभरासाठी मुंबईतल्या एका कॉलेजात आली होती. होस्टेलची खोली मिळेपर्यंत अशा मुलांना घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबांची एक यादी कॉलेजने केली होती, त्या यादीत जुन्या ओळखीतून शैलाताईंचं नाव गेलं होतं. बत्तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात दाखले आणि हजेरीपट लिहून त्या निवृत्त झाल्या होत्या. चार वर्षांपूर्वी काशीनाथराव गेले, मुलगी संपदा लग्न होऊन नागपूरला. एक खोली रिकामीच होती, आणि घरात दुसरं माणूस हललं तर बरं, एवढाच त्यांचा विचार होता.

मुलगी शांत होती. बादलीने अंघोळ करायला शिकली, रिक्षावाल्याला 'बस, बस' म्हणायला शिकली. जवळच्या तारोडी गावाहून टोपली घेऊन येणाऱ्या कोळणीने तिच्या हातावर सुका बोंबील ठेवला तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली आणि मग स्वतःच हसली. एका सकाळी शैलाताईंनी आंबोळ्या केल्या. पहिला तुकडा तोंडात घालून ती थांबलीच. आमच्याकडे असंच करतात, आंबवून, असं तिने इंग्रजीत कसंबसं सांगितलं आणि पाठोपाठ सहा आंबोळ्या खाल्ल्या. शैलाताईंना फार बरं वाटलं होतं.

पण इमारतीला बरं वाटत नव्हतं. तिने तव्यावर कॉफीचे दाणे भाजले तर खालून फोन आला की काय जाळताय. लिफ्टमध्ये ती शिरली की बायका पुढच्या फेरीला थांबत. 'नायजेरियन ठेवलीय' असं सगळे म्हणत. शैलाताई दोनदा-तीनदा म्हणाल्या की नायजेरिया नव्हे, इथिओपिया. मग त्यांनीही सांगणं सोडून दिलं. परदेशी माणूस ठेवल्याचा फॉर्म त्यांनी पोलिसांकडे पहिल्याच दिवशी भरला होता. तोही भूपेशभाईंनी मागून घेतला, फोटो काढून ठेवला. संपदा रोज रात्री फोनवर बजावत असे, "आई, कपाट बंद ठेव. कोण कुठली माणसं." शैलाताई तिला रागवायच्या आणि झोपायच्या आधी कपाट बंद आहे ना, ते पाहायच्या.

गडबड ऐकून मेरोन खोलीतून बाहेर आली. जिन्यावरचं बोलणं एकदम थांबलं.

भूपेशभाईंनी तिला हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत विचारलं. दोन ते चार कुठे होतीस? मेरोनने आधी शैलाताईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरात. माझ्या खोलीत."

"बाहेर आलीच नाहीस?"

"नाही."

तेवढ्यात जिन्यावरून बबनचा आवाज आला. "साहेब, मी अडीचला आलोय ना वर. ह्या दाराला कुलूप होतं. बेल मारली, दार ठोकलं. आत कोणीच नाय."

जिन्यावर एक घोळका असतो आणि एक जमाव असतो. बबनचं वाक्य संपलं तेव्हा त्या माणसांचा जमाव झाला. मुलगी खोटं बोलतेय. कुलूप लावून बाहेर गेली होती आणि म्हणते खोलीत होते. मागून कुणीतरी म्हणालं, पोलीस कशाला, आधी खाली तर आणा तिला. मोबाइलवाला दोन पायऱ्या वर चढला. अमोलने नेत्राला शेजारच्या बाईकडे दिलं आणि त्याचे हात मोकळे झाले.

शैलाताईंनी जाळीच्या दाराची कडी आतून घट्ट धरली. कुलूप कुणी लावलं होतं ते त्या जिन्यावर फक्त त्यांना ठाऊक होतं.

मोरवा गावात नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. बारा वाजता निघताना त्यांनी मेरोनच्या दाराशी जाऊन सांगितलं होतं की मी तीन-साडेतीनपर्यंत येते. आतून झोपाळू आवाजात 'ओके आँटी' आलं होतं. घराची किल्ली एकच. दुसरी उद्या करून घेते, असं त्या अकरा दिवस म्हणत होत्या. दार नुसतं ओढून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण बाहेर येऊन चपला घालताना त्यांचा हात आपोआप जाळीच्या दाराच्या मोठ्या कुलपाकडे गेला. पोरीच्याच सुरक्षेसाठी, असं त्यांनी मनाला सांगितलं, आणि ते आपल्याला पटलेलं नाही हेही त्यांना तेव्हाच कळलं होतं. बारशात पाळण्याची दोरी ओढताना, जेवताना, पेढा घेताना एकदाही मनात आलं नाही की आपण एका जिवंत माणसाला कोंडून आलो आहोत. आग लागली असती तर? साडेतीनला परतल्या तेव्हा गेटवर बबनही नव्हता, जिना रिकामा होता. कुलूप काढताना कुणी पाहिलं नाही म्हणून त्यांना हायसंच वाटलं होतं. मेरोनच्या खोलीचं दार लावलेलं होतं. झोपली असेल, तिला कळलंही नसेल, असं वाटून त्यांनी चहा टाकला होता.

भूपेशभाई मधे पडले. माणूस वाईट नव्हता, त्यांना फक्त भानगड नको होती. आवाज खाली आणून म्हणाले, "शैलाबेन, ऐका माझं. पोलीस, पेपरवाले, सोसायटीचं नाव खराब होणार. तुम्ही तिला आज संध्याकाळीच हॉस्टेलला पाठवून द्या. मी या लोकांना समजावतो. तुमच्यावर कोणी काय बोलणार नाय."

किती सोपं होतं. एक 'बरं' म्हटलं असतं की जिना रिकामा झाला असता. मुलगी तशीही महिन्याअखेर जाणारच होती. शैलाताईंनी वळून पाहिलं. मेरोन भिंतीला टेकून उभी होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. ती जमावाकडे बघतच नव्हती, शैलाताईंकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी असती तर कदाचित शैलाताईंना ते 'बरं' म्हणणं जमलं असतं. ती नुसती वाट पाहत होती.

"कुलूप मी लावलं होतं," शैलाताई म्हणाल्या.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी जाळीचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्याच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"मी तिला आत कोंडून बारशाला गेले होते. बारापासून साडेतीनपर्यंत. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या पर्समध्ये होती. तिच्यावर माझा विश्वास नव्हता. ती गच्चीवर जाणार कशी?"

बबन मान खाजवत म्हणाला की बेल मारली तेव्हा आत पंख्याचा आवाज आल्यासारखा वाटला होता खरा. मग अमोलने नेत्राला परत जवळ घेतलं आणि या वेळी नुसतंच विचारलं, तू वर कशाला गेली होतीस बाळा? नेत्रा त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली की टाकीमागे मांजरीची पिल्लं आहेत. मग गच्चीचं दार जड झालं, उघडेना.

भूपेशभाईंनी 'गैरसमज झाला' असं तीनदा म्हटलं. माणसं एकेक करून उतरू लागली. मोबाइलवाल्याने व्हिडिओ पुसला की नाही, कोण जाणे. अमोल 'सॉरी' असं काहीतरी पुटपुटला, पण ते मेरोनला होतं की काकूंना, ते कळलं नाही. खालच्या वळणावर दोन बायका थांबल्या होत्या. "बाई गं, तरण्या पोरीला कोंडून ठेवलं," त्यातली एक म्हणाली. पंधरा मिनिटांपूर्वी हीच बाई तिला खाली आणायला सांगत होती.

दार लावून शैलाताई आत आल्या. चहा केव्हाच गार झाला होता. मेरोनच्या समोर बसून त्यांनी शाळेतल्या इंग्रजीत सगळं सांगायला सुरुवात केली. कुलूप, बारसं, किल्ली. मेरोनने हाताने थांबवलं.

तिला माहीत होतं. एक वाजता पाव आणायला म्हणून ती बाहेर निघाली होती. दार हलेना तेव्हा जाळीतून हात घालून पाहिलं तर हाताला कुलूप लागलं. अडीचला बेल वाजली, कुणी दार ठोकलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी होती. आणि साडेतीनला जिन्यावर पावलं वाजली तशी तिने स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"मग फोन का नाही केलास? त्या वॉचमनला हाक का नाही मारलीस?"

मेरोनने शब्द शोधायला वेळ घेतला. "सगळ्यांना कळलं असतं, आँटी. तुम्हाला लाज वाटली असती."

शैलाताई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी दुसरी किल्ली करून आणली आणि तिच्या टेबलावर ठेवली. मेरोनने ती घेतली, थँक यू म्हणाली. नंतरचे दिवस दोघी एकमेकींशी फार जपून वागल्या. जेवणं होत होती, बोलणं होत होतं, पण घरात कुणी आजारी असल्यासारखं. गुरुवारी कॉलेजातून फोन आला की कांदिवलीच्या होस्टेलमध्ये एक खाट रिकामी झाली आहे. मेरोनने कॉलेजला तसं विचारलं होतं का, हे शैलाताईंनी विचारलं नाही.

रविवारी दुपारी ती निघाली. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. मेरोनने एक बॅग पाठीला लावली आणि दुसऱ्या मोठ्या बॅगेकडे वळली, तर शैलाताईंनी त्या बॅगेच्या दांड्यावर आधीच हात ठेवला होता. मेरोन म्हणाली, नको, जड आहे. शैलाताईंनी हात काढला नाही. मग तिने आपला हात मागे घेतला.

दोघी चार मजले उतरू लागल्या. मेरोन पुढे, शैलाताई मागे, बॅग एकेका पायरीवर टेकत. दुसऱ्या मजल्यावर अमोल दारात उभा होता. दोघींना पाहून तो खाली बघू लागला, मग पुढे होऊन त्याने बॅग घ्यायला हात केला.

"द्या काकू, मी आणतो खाली."

"राहू दे," शैलाताई म्हणाल्या. त्यांनी हात बदलला आणि पुढची पायरी उतरल्या.